समुद्री शेवाळातलं गंधक कसं मोजायचं: सुरुवात उल्व्हापासून

‘शेवाळातलं गंधक मोजून आण,’ असं गाईडने सांगितलं तर आधी उलटा प्रश्न विचारायचा: कुठलं गंधक? समुद्री शेवाळात ते किमान चार ठिकाणी असतं. पेशीत विरघळलेल्या छोट्या रेणूंमध्ये, पेशीभित्तीतल्या सल्फेटयुक्त पॉलिसॅकराइडांमध्ये (शर्करेच्या लांब साखळ्यांमध्ये), प्रथिनांतल्या सिस्टीन-मिथिओनिनमध्ये, आणि वरून चिकटलेल्या समुद्राच्या पाण्यात. हे शेवटचं खरं तर शेवाळाचं नव्हेच, पण सगळ्यात जास्त घोळ तेच घालतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं.

यंत्रं आणि रसायनं पुढची गोष्ट. नवख्यांचं काम बहुतेक वेळा त्याआधीच, किनाऱ्यावर शेवाळ धुताना बिघडतं, कारण एका मोजणीला जे धुणं लागतं तेच दुसऱ्या मोजणीचा नमुना वाया घालवतं. म्हणून खडपावर जायच्या आधी कागदावर लिहून ठेवा: मला डीएमएसपी (पेशीतल्या छोट्या रेणूंपैकी एक, त्याची ओळख पुढे येईल) मोजायचं आहे, पॉलिसॅकराइडमधलं सल्फेट मोजायचं आहे, की एकूण गंधक.

इथे पहिल्या दोन मोजण्या सविस्तर घेतल्या आहेत. नमुना म्हणून उल्व्हा, म्हणजे पातळ पापुद्र्यासारखं हिरवं शेवाळ, धरलं आहे. ते कोकणात आणि गोव्यात बहुतेक सगळ्या खडकाळ किनाऱ्यांवर मिळतं, ओळखायला सोपं आहे, आणि त्यात डीएमएसपी आणि सल्फेट दोन्ही भरपूर असतात.

डीएमएसपी म्हणजे काय, थोडक्यात

पूर्ण नाव डायमिथाइलसल्फोनिओप्रोपिओनेट. पेशीतला क्षारांचा तोल सांभाळण्यासाठी बरीच शेवाळं हा रेणू साठवतात. तो फुटला की डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे डीएमएस, हा वायू आणि अ‍ॅक्रिलेट तयार होतात. उकडलेल्या कोबीची आठवण करून देणारा, समुद्रकाठचा तो ओळखीचा वास बराचसा डीएमएसचा. १९३५ मध्ये पॉलिसिफोनिया या लाल शेवाळातून हा वायू निघतो हे कळलं आणि १९४८ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक चॅलेंजर आणि सिम्पसन यांनी त्यामागचा मूळ रेणू ओळखला. १९८७ मध्ये हाच डीएमएस समुद्रावरचे ढग घडवण्यात भाग घेतो अशी कल्पना मांडली गेली आणि हवामानवाल्यांचंही लक्ष इकडे वळलं. गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरबी समुद्रातल्या डीएमएसवर बरंच काम झालं आहे.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच: थंड कॉस्टिकमध्ये, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, डीएमएसपीचा एक रेणू फुटून डीएमएसचा बरोबर एक रेणू देतो. त्यामुळे बंद बाटलीत शेवाळ आणि कॉस्टिक एकत्र ठेवायचं, वर जमलेल्या हवेतला डीएमएस मोजायचा, आणि मूळ डीएमएसपीचा हिशेब करायचा. तत्त्व इतकं सोपं आहे. कठीण आहे ते शेवाळ बाटलीत पोचेपर्यंत डीएमएसपी जागेवर ठेवणं.

किनाऱ्यावर

हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठा. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, त्यामुळे मोठी ओहोटी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी मिळते. संध्याकाळची निवडलीत तर डोक्याला लावायचा टॉर्च हवाच. ओल्या उल्व्हावरून पाय सटकतो, आणि खडपावर पडणं म्हणजे कालवांच्या धारेवर पडणं. मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. बाकी ठिकाणीही मुळासकट उपटू नका. लागणारा तुकडा कात्रीने कापा, खडकाला धरलेला भाग तिथेच राहू द्या.

एका पिशवीत एकच जात. हे नीटनेटकेपणासाठी नाही. थंड समुद्रात डेस्मारेस्टिया नावाचं तपकिरी शेवाळ असतं, ते पेशींमध्ये चक्क सल्फ्युरिक आम्ल साठवतं आणि पिशवीतल्या शेजाऱ्यांची वाट लावतं. ते आपल्याकडे नाही. पण इथली शेवाळंही दुखावली की रस सोडतात, आणि एकाचं विकर दुसऱ्याच्या रसात मिसळलं की आकडे कुणाचे हेच कळत नाही.

आता धुण्याबद्दल. डीएमएसपीसाठी शेवाळ गोड्या पाण्यात बुडवायचं नाही, नळाखाली तर अजिबात धरायचं नाही. पेशीतला क्षारांचा तोल एकदम ढळतो, पेशी फुटतात, आतला डीएमएसपी बाहेर येतो, आणि उल्व्हातलं लायेज हे विकर त्याचा वायू करून टाकतं. तिथल्याच समुद्राच्या गाळलेल्या पाण्यात हलक्या हाताने वाळू, शिंपले, चिकटलेले किडे काढा. एवढंच. सल्फेटचा नमुना मात्र नेमका उलटा: तो प्रयोगशाळेत गोड्या पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुतलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही समुद्राचंच सल्फेट मोजाल. म्हणून दोन वेगळ्या पिशव्या, दोन वेगळी लेबलं.

डीएमएसपीचा तुकडा बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत नेला तर चालेल का, असं सगळे विचारतात. सजीव, अखंड तुकडा समुद्राच्या थोड्या पाण्यात गार आणि अंधारात ठेवून तासा-दोन तासांत नेता येत असेल तर चालतं. डीप फ्रीझरमध्ये टाकून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे नको. गोठताना आणि वितळताना पेशी फुटतात आणि वर सांगितलेला प्रकार पुन्हा घडतो. ओव्हनमध्ये वाळवलेल्या पुडीवर तर भरवसा ठेवूच नका.

माझं मत विचाराल तर कॉस्टिकच्या बाटल्या घेऊनच किनाऱ्यावर जावं.

बाटल्यांची तयारी

२० मिलिलिटरच्या हेडस्पेस व्हायल (द्रवाच्या वरची हवा तपासायच्या छोट्या बाटल्या) घ्या, स्क्रूच्या झाकणाच्या, आतून टेफ्लॉनचा थर असलेल्या सेप्टमसह, म्हणजे झाकणातल्या सुई टोचता येणाऱ्या चकतीसह. साधं रबर डीएमएस शोषून घेतं. स्वस्त सेप्टम इथे फार महाग पडतं. दोन मोलर सोडियम हायड्रॉक्साइड बनवा: एका लिटरला ८० ग्रॅम. गोळ्या पाण्यात थोड्या थोड्या टाका, भांडं गार पाण्यात ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला. कॉस्टिकने भाजलेलं लगेच दुखत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा. काचेचं बूच काचेत चिकटून बसतं.

प्रत्येक व्हायलमध्ये ४.५ मिलिलिटर कॉस्टिक आणि ०.५ मिलिलिटर पाणी घाला. हे पाणी का, ते स्टँडर्डच्या वेळी कळेल. झाकण लावा, नंबर घाला, आणि झाकणासकट वजन करून वहीत लिहा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत. किनाऱ्यावर तराजू नेता येत नाही, त्यावर हा तोडगा: तुकडा टाकून बंद केलेली व्हायल परत आल्यावर पुसून पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे ओल्या शेवाळाचं वजन. फक्त बाहेरून लागलेला घाम, मीठ, ओला कागद नीट पुसला गेला पाहिजे, कारण आपण २० ते ४० मिलिग्रॅमच्या फरकाबद्दल बोलतो आहोत.

खडपावरची कृती अशी. उल्व्हाचा अखंड पापुद्रा टिश्यूच्या दोन घड्यांमध्ये ठेवून पाणी टिपा, दरवेळी तितक्याच दाबाने, तितकाच वेळ. कॉर्क बोअररने गोल चकत्या पाडा आणि चिमट्याने सरळ कॉस्टिकमध्ये टाका. चकती पाडणं आणि झाकण घट्ट होणं यात काही सेकंदच गेले पाहिजेत, कारण कापलेल्या कडेवर लायेज लगेच कामाला लागतं. एकाच झाडाच्या बुडाशी आणि टोकाशी डीएमएसपी सारखं नसतं, त्यामुळे जागा ठरवून घ्या, समजा पापुद्र्याचा मधला भाग, आणि सगळ्या झाडांवर तीच पाळा. एका झाडाच्या तीन चकत्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. नमुना म्हणजे वेगळं झाड.

बाटलीत पांढरट गढूळपणा दिसला तर घाबरू नका. चिकटलेल्या समुद्रपाण्यातलं मॅग्नेशियम कॉस्टिकमध्ये हायड्रॉक्साइड होऊन बसतं. फारच दाट दिसलं तर मात्र पाणी नीट टिपलेलं नाही असं समजा.

बाटल्या अंधारात, खोलीच्या तापमानाला किमान रात्रभर ठेवा. सावकाशीने, मधूनमधून हलवून. गरम करू नका: गरम कॉस्टिकमध्ये एस-मिथाइलमिथिओनिनसारखे दुसरे रेणूही डीएमएस देऊ लागतात आणि आकडा फुगतो. त्याच झाडाचा एक मोठा तुकडा वजन करून ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओल्या वजनाचा आकडा सुक्यावर न्यायला तो लागणार आहे.

स्टँडर्ड

डीएमएसपी हायड्रोक्लोराइड विकत मिळतं, रेणूभार १७०.७. त्याचे १७.०७ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की १० मिलिमोलर द्रावण झालं, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोमोल. त्यातून १०, २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोलिटर वेगवेगळ्या व्हायलमध्ये घ्या, प्रत्येकात पाणी घालून एकूण ०.५ मिलिलिटर करा, आणि त्यावर ४.५ मिलिलिटर कॉस्टिक ओतून लगेच बंद करा. नमुन्यांच्या बाटल्यांत अर्धा मिलिलिटर पाणी घातलं होतं ते याचसाठी. बंद बाटलीतल्या डीएमएसचा थोडाच भाग वरच्या हवेत येतो, बाकीचा द्रावणात राहतो. किती वर येणार हे द्रव आणि हवा यांचं प्रमाण, क्षार आणि तापमान यांवर ठरतं. हे तिन्ही नमुन्यात आणि स्टँडर्डमध्ये सारखं ठेवलं की हेन्रीच्या नियमाचं गणित न मांडताही उत्तर बरोबर येतं.

नुसतं कॉस्टिक आणि पाणी असलेल्या दोन ब्लँक बाटल्याही ठेवा. त्यांतून डीएमएसचा पीक (यंत्राच्या आलेखातला उंचवटा) आला तर सिरिंज अस्वच्छ आहे.

जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर)

सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला आणा, ३० अंशांचा वॉटर बाथ उत्तम. गॅसटाइट सिरिंजने ५० मायक्रोलिटर हवा ओढा आणि टोचा. दोन इंजेक्शनांच्या मध्ये सिरिंज स्वच्छ हवेने धुवा. डिटेक्टर बहुधा फ्लेम फोटोमेट्रिक मिळेल, तो ३९४ नॅनोमीटरवर गंधकाचा प्रकाश पाहतो. इथे नवख्यांना हमखास गाठणारी गोष्ट: या डिटेक्टरचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो. ज्वाळेत गंधकाचे दोन अणू जोडीने प्रकाश देतात, त्यामुळे गंधक दुप्पट झालं की पीक साधारण चौपट होतो. पीकच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढून ते मायक्रोमोलसमोर मांडा, रेषा सरळ येईल. क्षेत्रफळ तसंच मांडून एक्सेलकडून सरळ रेषा ओढून घेतली तर कमी डीएमएसपीच्या नमुन्यांचे आकडे साफ चुकतात, आणि आर-स्क्वेअर ०.९५ पाहून मन मात्र निश्चिंत होतं.

विभागात फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टरच असेल तरी उल्व्हासाठी अडत नाही. डीएमएसपी इतकं असतं की तो पुरतो, आणि त्याचा प्रतिसाद सरळ रेषेतला आहे. फक्त डीएमएसचा पीक बाकी पीकपासून सुटा आहे ना, हे शुद्ध डीएमएस टोचून तपासा.

जीसीच नसेल तर बाटल्या दुसरीकडे पाठवता येतात. टेफ्लॉनच्या सेप्टमखाली, गार आणि अंधारात त्या काही दिवस तग धरतात. स्टँडर्ड आणि ब्लँकही त्याच दिवशी बनवून त्याच खोक्यातून पाठवा. वाटेत थोडी गळती झाली तर तीही सगळ्यांना साधारण सारखी लागते, आणि निदान लक्षात तरी येते.

हिशेब उदाहरणाने. ३० मिलिग्रॅम ओल्या उल्व्हाच्या बाटलीत १.५ मायक्रोमोल आले, तर ग्रॅमला ५० मायक्रोमोल. उल्व्हात ग्रॅमला काही दहा मायक्रोमोल हा अपेक्षित टप्पा आहे. एक-दोनच आले तर आधी आपल्या हाताळणीवर संशय घ्या. सरगॅसममध्ये मात्र तितकेच आले तरी नवल नाही, तपकिरी शेवाळात डीएमएसपी सहसा फार कमी असतं.

पॉलिसॅकराइडमधलं सल्फेट

याला जीसी लागत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर, ओव्हन आणि धीर असला की कुठल्याही कॉलेजात जमतं. डॉजसन आणि प्राइस यांनी १९६२ मध्ये दिलेली बेरियम क्लोराइड-जिलेटिनची पद्धत अजून चालते. आम्लाने साखळीवरचं सल्फेट सुटं करायचं, बेरियमने त्याचा बारीक पांढरा साका करायचा, जिलेटिनने तो तरंगत ठेवायचा आणि गढूळपणा मोजायचा.

धुतलेलं शेवाळ ५० अंशांवर वाळवून पूड करा. ८० टक्के इथेनॉलने हिरवा रंग आणि छोटे रेणू काढून टाका, धुवण रंगहीन होईपर्यंत. उरलेली पूड ८० ते ९० अंशांच्या पाण्यात दोन तास ढवळा, गाळा, गाळलेल्या द्रवात तिप्पट इथेनॉल घाला. तंतुमय साका येतो, तो म्हणजे कच्चं उल्व्हान, उल्व्हाचं सल्फेटयुक्त पॉलिसॅकराइड. ते पाण्यात विरघळवून डायलिसिसच्या नळीत (फक्त छोटे रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या) भरा आणि डिस्टिल्ड पाणी बदलत राहा. कधी थांबायचं? बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाका. पांढरट झाक येत असेल तोवर सुटं सल्फेट शिल्लक आहे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि ती न करता ‘तीन दिवस डायलिसिस केलं’ असं प्रबंधात लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

अभिकर्मक आदल्या दिवशी करायचा. अर्धा ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर पाण्यात ६० ते ७० अंशांवर विरघळवा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी त्यात अर्धा ग्रॅम बेरियम क्लोराइड विरघळवून दोन-तीन तास बाहेर राहू द्या. जिलेटिनमध्येच थोडं सल्फेट असतं, ते या वेळात साक्याच्या सूक्ष्म कणांत बसतं आणि पुढचा गढूळपणा एकसारखा येतो. घाईने तासाभरात बनवलेल्या अभिकर्मकाचे आकडे उड्या मारतात.

पाच मिलिग्रॅम उल्व्हान दोन मिलिलिटर एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, टेफ्लॉनच्या झाकणाच्या नळीत, १०५ ते ११० अंशांवर पाच तास. नळीचं वजन आधी आणि नंतर करा. घटलं असेल तर आम्ल उडालं, तो नमुना पुन्हा. आत काळपट कण दिसतील, ते सेंट्रिफ्यूज करून काढा. मग ०.२ मिलिलिटर द्रव, ३.८ मिलिलिटर तीन टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल आणि एक मिलिलिटर अभिकर्मक. हलवा, १५ ते २० मिनिटं थांबा, ३६० नॅनोमीटरवर वाचा. वाचायच्या आधी प्रत्येक नळी पुन्हा एकदा उलटी-सुलटी करा आणि सगळ्या नळ्यांना तेवढाच वेळ द्या.

प्रत्येक नमुन्याची एक जोडीची नळी बेरियमशिवाय, नुसत्या जिलेटिनची ठेवायची आणि तिचा आकडा वजा करायचा. आम्लात तापलेल्या शर्करा स्वतःच या तरंगलांबीवर प्रकाश शोषतात. ही नळी ठेवली नाही की सल्फेट विनाकारण वाढलेलं दिसतं, आणि शेवाळ जितकं गडद तितकी चूक मोठी.

स्टँडर्डसाठी १८१.४ मिलिग्रॅम वाळवलेलं पोटॅशियम सल्फेट १०० मिलिलिटर एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात. हे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम सल्फेट झालं. त्याच आम्लाने पातळ करत ०.२ मिलिलिटरमध्ये २० ते २०० मायक्रोग्रॅम येतील असे टप्पे करा. नमुन्याच्या ०.२ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम सापडले, तर दोन मिलिलिटरमध्ये १०००. पाच मिलिग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे २० टक्के. पद्धत बसली का हे पाहायला बाजारात मिळणारं कॅपा कॅरागीनन (लाल शेवाळातलं सल्फेटयुक्त पॉलिसॅकराइड) त्याच दिवशी चालवा. त्याच्या शर्करेच्या प्रत्येक जोडीवर एक सल्फेट असतं, त्यामुळे उत्तर पंचवीस टक्क्यांच्या आसपास यायला हवं. दहा आलं तर उल्व्हानच्या आकड्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आकडे लिहिताना

२० टक्के सल्फेट म्हणजे ६.७ टक्के गंधक. कुणी सल्फेट लिहितं, कुणी सोडियमसकटचा सल्फेट गट, कुणी नुसतं गंधक, आणि तक्त्यात तिन्ही शेजारी बसतात. एकक स्पष्ट लिहा, ओलं वजन की सुकं तेही.

सीएचएनएस यंत्रावर (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि गंधक मोजणाऱ्या) एकूण गंधक काढून मिळालं तर चांगली पडताळणी होते. स्टँडर्ड सल्फानिलामाइड, त्यात १८.६ टक्के गंधक. डीएमएसपीतलं आणि पॉलिसॅकराइडातलं गंधक एकाच सुक्या वजनावर आणून बेरीज करा. ती एकूण आकड्यापेक्षा जास्त येऊ शकत नाही. वरच्या उदाहरणातलं उल्व्हा वाळून पाचवा हिस्सा उरलं असेल, तर ५० चे सुक्या ग्रॅमला २५० मायक्रोमोल होतात, म्हणजे आठ मिलिग्रॅम गंधक, ०.८ टक्के. उल्व्हानचं गंधक मिळवताना उल्व्हान शेवाळाच्या किती टक्के निघालं त्याने गुणायला विसरू नका. एकूण आकड्यासाठी कोणतं धुणं वापरलं तेही शेजारी लिहा. आयसीपी यंत्रावर (प्लाझ्मातल्या प्रकाशावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या) करणार असाल तर गंधकाच्या रेषा १८० ते १८२ नॅनोमीटरला आहेत, तिथे हवाच प्रकाश खाते, त्यामुळे ऑप्टिक्समध्ये आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडलेला आहे का ते तंत्रज्ञाला आधी विचारा.

काम झाल्यावर डीएमएसच्या बाटल्या फ्यूम हूडमध्येच उघडा, वास मजलाभर पसरतो. आत थोडं ब्लीच टाकलं की डीएमएसचं डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) होतं आणि वास बसतो. ते कॉस्टिक असतानाच टाका. आधी आम्ल ओतून मग ब्लीच टाकलं तर क्लोरीन सुटतो. विरघळलेलं बेरियम विषारी आहे, ते सिंकमध्ये ओतू नका. उरलेल्या अभिकर्मकात सोडियम सल्फेट घालून सगळं बेरियम खाली बसवा, आणि तो पांढरा साका घन कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात, लेबल लावून.